एक नुक्ता आणि सोळा हजार रुपये

रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे घर दादाजानांनी 1964 साली बांधले. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा आणि मंगलोरी कौले. इकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र दगड, तो पाणी धरून ठेवतो. त्यामुळे गणपतीच्या सुमारास उत्तरेकडची भिंत हिरवी होते आणि दिवाळीपर्यंत ती काळी पडते.

गेल्या डिसेंबरात भाईजानच्या मुलीचा निकाह याच घरात ठरला. भाईजान कुवेतला, धाकटा मुंब्र्याला. गावात अम्मीजवळ आम्ही दोघे, दोघेही शिक्षक. अम्मी म्हणाल्या, "पाहुणे यायच्या आधी घराचं तोंड धुऊन घ्या."

पूर्वी हे काम नारळाच्या काथ्याने, ब्रशने आणि ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने व्हायचे. दोन माणसे, चार-पाच दिवस. या वेळी बाजारातल्या रंगाऱ्याने जेट मशीनचे सुचवले. दर चौरस फुटाला 5 रुपये. घराचा घेर 140 फूट, उंची 11 फूट, म्हणजे 1,540 चौरस फूट. झाले 7,700 रुपये. परांचीचे 1,500 वेगळे. एकूण 9,200. घर तिघांचे, म्हणून खर्चाचे तीन भाग करायचे असे व्हॉट्सअ‍ॅपवर ठरले. एका दिवसात काम होणार म्हणून आम्हीही खूश होतो.

काम रविवारी सुरू झाले. मशीन मिनिटाला आठ लिटर पाणी घेत होते. पाच तास चालले, म्हणजे 2,400 लिटर. अम्मी पडवीत बसून विहिरीचा पंप ऐकत होत्या. "मे महिन्यात हेच पाणी टँकरने मागवतो ना आपण?" एवढेच म्हणाल्या. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपावे, हे आम्ही वर्गात मुलांना शिकवतो. त्या दिवशी मान खाली घालून आम्ही पंपाकडे पाहत राहिलो.

दुपारपर्यंत तीन भिंती स्वच्छ निघाल्या. उरली दर्शनी त्रिकोणी भिंत. तिच्यावर दादाजानांनी चुन्यात उठावदार अक्षरे करून घेतली होती. आपल्याकडे कितीतरी घरांवर असतात तीच, हे घर रबच्या कृपेने मिळाले असे सांगणारी. अक्षरांभोवतीचा काळा डाग निघेना. रंगारी म्हणाला, "सर, राहू द्या, जुना चुना आहे." आम्हीच म्हणालो, "बारीक नोझल लाव आणि जवळून मार."

घरच्या नळाचे पाणी अगदी कमी दाबाने येते. अशी मशीन्स शंभर बारच्या पुढे मारतात. रुंद फवाऱ्याने, हातभर अंतर ठेवून धुतले तर भिंत तगते. बारीक धार जवळून धरली तर ती छिन्नीसारखी लागते. पाच मिनिटांत डाग गेला, त्याबरोबर गिलाव्याचे मोठाले पोपडेही गेले. आत लालभडक चिरा दिसू लागला.

गवंडी दोन दिवस लागला. त्याची मजुरी 2,000, मदतनिसाची 1,400, सामान 3,400. म्हणजे आणखी 6,800. धुण्याचे बिल 9,200 वरून 16,000 वर गेले, आणि रंग अजून बाकीच होता. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, म्हणून तोही पंधरा दिवस लांबला.

ग्रुपवर आम्ही लिहिले, "गिलावा जुना होता, पडला." भाईजानने विचारले, "तुम्ही उभे नव्हता का तिथे?" धाकट्याने लिहिले, "नुसता रंग मारला असता तरी चाललं असतं." त्यानंतर आठ दिवस ग्रुपवर कोणी काही बोलले नाही. सलामसुद्धा नाही.

एका सकाळी अम्मी अंगणातून वर पाहत म्हणाल्या, "नुक्ता गेलाय." आम्ही पाहिले. 'फज्ल' या शब्दातल्या ज्वादवरचा ठिपका धारेने उडाला होता. ज्वादचा स्वाद झाला, फज्लचे फस्ल झाले. उर्दूत फस्ल म्हणजे पीक, अरबीत वेगळे करणे. नुक्ता चुकला की आम्ही मुलांचा अर्धा गुण कापतो. आमच्याच घरावर कृपेच्या जागी ताटातूट लिहिली गेली होती, आणि ती आमच्याच सांगण्याने.

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून ग्रुपवर खरे काय ते लिहिले. रंगारी नको म्हणत होता, हट्ट आमचा होता, दुरुस्तीचे 6,800 आम्ही भरतो. भाईजानचा लगेच फोन आला. म्हणाला, "पैशाचं जाऊ दे. पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?" आमच्याकडे उत्तर नव्हते. अम्मींनी फोन घेतला आणि निकाल दिला, "घर तिघांचं, तर चूकही तिघांची. सोळा हजाराचे तीन वाटे करा." प्रत्येकी 5,333 रुपये. वरचा एक रुपया अम्मींनी दिला.

निकाहच्या चार दिवस आधी भाईजान आला. बॅगा पडवीत ठेवल्या, शिडी मागितली. गवंड्याने ठेवलेल्या चुन्यात बोट बुडवून त्याने स्वतः तो नुक्ता दिला. धाकट्याने शिडी धरली होती. नुक्ता थोडा मोठा झालाय, बाकीच्यांपेक्षा पांढराही दिसतो. पहिल्या पावसात तो काळा पडेल. पुढच्या वर्षी काथ्या आणि ब्रश घेऊन आम्हीच चढणार आहोत, इन्शाअल्लाह. अक्षरांच्या जागी मात्र नुसता ओला कपडा.