हाकेच्या अंतरावर

पावसाळ्यात नळदुर्गला गाड्या थांबतात त्या किल्ल्यासाठी. बोरी नदीचे पाणी पाणीमहालावरून नर-मादीच्या दोन धारांनी कोसळू लागले की सोलापूर, लातूर, कलबुर्गीपासून लोक येतात, फोटो काढतात, भाजलेले कणीस खातात आणि निघून जातात. इब्राहिम आदिलशाह दुसरा यांच्या काळात नदीला बांध घालून त्या बांधाच्याच पोटात महाल बांधणाऱ्या कारागिरांची कमाल आहेच. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. पण हा लेख किल्ल्याबाहेरच्या गल्ल्यांचा आहे, जिथे पर्यटक वळत नाहीत.

सोलापूर-हैदराबाद महामार्ग गावाला खेटून जातो. याच रस्त्याने आमची तरुण मुले गेली. कुणी हैदराबादला मेकॅनिक, कुणी पुण्यात फर्निचरचे काम, कुणी मुंबईत ड्रायव्हर. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कळंब, भूम, वाशीकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. घरात मागे उरतात ती म्हातारी माणसे, आणि त्यांच्याकडे सोपवलेली शाळकरी नातवंडे. शिक्षिका म्हणून मला ही घरे चांगली ठाऊक आहेत. सर्वेक्षण कसलेही असो, वही घेऊन दारोदार फिरायचे काम शेवटी आमच्याकडेच येते.

माझी एक खाला नळदुर्गात एकटी राहते. वय 76. खालूजान जाऊन नऊ वर्षे झाली. मुले दोन, दोन्ही चांगली, दोन्ही बाहेर. थोरल्याने तिला पुण्याला नेले होते. तिसऱ्या मजल्यावरचे घर, सून प्रेमळ, खाण्यापिण्याची कमी नाही. खाला दोन महिन्यांत परत आली. "अपने घर में मालकीन हूँ, उधर गई तो मेहमान," एवढेच कारण तिने सांगितले. तेव्हापासून नातेवाइकांत एकच चर्चा: लोक काय म्हणतील? आईला एकटे टाकले म्हणतील. मुलांना मशिदीतसुद्धा कुणी ना कुणी टोकतेच.

म्हाताऱ्या आई-वडिलांना 'उफ'सुद्धा म्हणू नये ही ताकीद आपल्याला लहानपणापासून पाठ असते. माझ्या मते त्या ताकिदीत त्यांची मर्जी विचारणेही येते. पण मर्जी विचारून मोकळे होता येत नाही. खालाच्या मर्जीने तिला इथे राहू द्यायचे, तर तिचा दिवस कशाकशावर उभा आहे हे बघायला हवे. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस तिच्यामागे नुसती फिरले.

पहिला टप्पा रेशनचा. मशीनवर अंगठा उमटत नाही. जन्मभर राखेने भांडी घासली, दुसऱ्यांच्या शेतात खुरपले, बोटांवरच्या रेषाच झिजल्या. एक बोट, दुसरे बोट, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पहिले बोट. दुकानदार भला माणूस, घाई करत नाही. मागची रांग करते. शेवटी शेजारच्या देशमुखकाकूंचा नातू मोबाइल घेऊन पळत आला. खालाच्या आधारला जोडलेला नंबर त्या घरच्या फोनचा आहे, त्यावर आलेला आकडा सांगितला आणि गहू-तांदूळ मिळाले. कागदोपत्री ही सरकारी योजना. पण ती खालापर्यंत पोहोचली दहा वर्षांच्या एका मुलाच्या पायांनी.

दुसरा टप्पा पैशाचा. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला 1500 रुपये तिच्या खात्यात जमा होतात. पासष्टच्या पुढचे वय आणि वर्षाचे उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत, ही त्याची अट. आजच्या महागाईत हा उत्पन्नाचा आकडा ज्याने ठरवला त्याने एकदा आठवडी बाजार करून दाखवावा. बँकेच्या पायऱ्या खालाला झेपत नाहीत. पण पोस्टमन येतो. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे आता आधारशी जोडलेल्या कुठल्याही बँक खात्यातले पैसे पोस्टमन दारात काढून देऊ शकतो. त्यालाही अंगठा लागतोच. मात्र तो ओट्यावर बसतो, पाणी पितो, तीन वेळा मशीन लावून बघतो. ही सोय कितीतरी जणांना माहीतच नाही. आपल्या घरात कुणी म्हातारे असेल तर पोस्टात जाऊन एकदा विचारा.

एसटीचेही तसेच. 2022च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत आहे, 65 ते 75 वयाला अर्धे तिकीट, आणि 2023च्या मार्चपासून सगळ्याच बायकांना अर्धे. खाला त्यामुळे धाराशिवला हजरत ख्वाजा शमशुद्दीन गाझी यांच्या दर्ग्याला जाऊ शकते, कुणाकडे शंभर रुपये न मागता. तिकीट फुकट झाले, बसची पायरी मात्र होती तेवढीच उंच राहिली. ती गुडघ्यावर हात टेकते, कंडक्टर वरून हात देतो, खालून कुणीतरी आधार देते. एखाद्या दिवशी खालून कुणी नसले की ती तशीच घरी परत येते आणि कुणाला सांगत नाही. मला देशमुखकाकूंकडून कळले.

घरातली सगळ्यात धोक्याची जागा न्हाणीघर. ओली फरशी, वजू करताना वाकणे, पहाटेचा अंधार. मागच्या वर्षी ती तिथे घसरली, नशिबाने हाड मोडले नाही. मुलांनी लगेच "आता पुरे, पुण्याला चल" सुरू केले. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्या पोराने मात्र न्हाणीच्या भिंतीला जी.आय. पाइपचे दोन तुकडे धरायला बसवून दिले, फक्त पाइपचे पैसे घेतले. वजूला प्लास्टिकचे ठेंगणे स्टूल आले. नमाज आता ती खुर्चीवर पढते. तिच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यात मोठा बदल तो पाइप आहे. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टच्या पुढच्यांना अशाच गोष्टींसाठी एकदा 3000 रुपये खात्यात मिळतात: चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा. 2024 साली अर्ज भरायला मोठी झुंबड उडाली होती. पैसे आले त्यातल्या किती जणांनी कमोड खुर्ची घेतली आणि किती जणांचे किराण्यात गेले, हे विचारू नये. भूक आधी येते.

आणि जेवण? सकाळचे ती स्वतः करते, भाकरीसुद्धा. संध्याकाळी दिसत नाही, चूल-गॅसची भीती वाटते. म्हणून संध्याकाळचा डबा गल्लीतल्या चार घरांतून पाळीपाळीने येतो. यात देशमुखकाकूंचाही वार आहे, गुरुवार. खाला रिकामा डबा कधी परत देत नाही. चार चिंचा, मूठभर शेंगा, कढीपत्ता, काहीतरी असतेच. मी म्हटले, "खाला, कशाला?" तर म्हणाली, "खाली डब्बा दिया तो खैरात हो जाता, बेटा."

रिवायतीत एक गोष्ट येते. मदिन्याच्या कडेला एक अंध म्हातारी एकटी राहत होती. हजरत उमर रजि. तिचे घरकाम करायला गुपचूप जात. पण जावे तर झाडलोट झालेली, पाणी भरलेले, सगळे आधीच आटोपलेले. हे करते तरी कोण, म्हणून एकदा लपून बसले, तर हजरत अबूबकर रजि. येताना दिसले, आणि तेव्हा ते खलिफा होते. या गोष्टीतून आपण नेहमी त्या दोघांची थोरवी सांगतो. मला हल्ली त्या म्हातारीकडेही बघावेसे वाटते. तिला कुणी उचलून दुसऱ्याच्या घरी ठेवले नाही. ती आपल्या घरातच राहिली, काम तिच्या दारी आले.

औषधपाण्याच्या बाबतीत आमच्या तालुक्याला एक मोठा वारसा आहे. नळदुर्गच्या जवळच अणदूर. लोकांना ते खंडोबामुळे माहीत. देव काही महिने अणदूरला आणि काही महिने नळदुर्गला राहतो, त्यामुळे या दोन गावांत जाणे-येणे जुनेच. याच अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभे केले आणि 'भारतवैद्य' तयार केल्या. भारतवैद्य म्हणजे गावातलीच बाई, फार शिकलेली नसली तरी चालेल अशी. तिला साध्या आजारांची ओळख, प्राथमिक औषधे, कुणाला दवाखान्यात कधी हलवायचे याची समज द्यायची आणि ती राहणार गावातच. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, आशा ताई आल्या. आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू होते.

म्हाताऱ्या माणसाला आजारपणात आधी लागते ते दारात येणारे ओळखीचे माणूस. गोळी सकाळची की रात्रीची, पट्टी कधी बदलायची, पाय सुजलाय तो कालच्यापेक्षा जास्त की कमी. हे तालुक्याच्या डॉक्टरला दिसत नाही, गल्लीतल्या बाईला दिसते. आशा ताई आजही रक्तदाब तपासतात, साखरेच्या गोळ्यांची आठवण करतात. पण त्यांचा मोबदला बहुतेक कामागणिक, आणि त्यात बाळंतपण-लसीकरणाचा भार मोठा. म्हाताऱ्यांची पाळी शेवटी लागते. त्यांना दोष कसा देणार?

इथे मला 2024ची लोकसभा निवडणूक आठवते. पंच्याऐंशीच्या पुढचे जे मतदार अर्ज करतील त्यांचे मत घरी जाऊन घ्यायचे, अशी सोय होती. एका आजीच्या मतासाठी मतपेटी, मतदान कर्मचारी, पोलीस, व्हिडिओ काढणारा असा सगळा ताफा दारात! मला ते मनापासून आवडले. मत मोलाचे आहेच. पण मत न्यायला जे सरकार दारात येऊ शकते, त्याला हयातीचा दाखला, रक्तदाबाची गोळी आणि रेशनही त्याच दारात नेता यायला हवे.

शेवटच्या दिवशी मी लोहारा तालुक्यात सास्तूरच्या बाजूला गेले. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेचा भूकंप आमच्या पिढीला विसरता येत नाही. मी तेव्हा शाळेत होते. जमिनीतून आलेला तो आवाज अजून कानात आहे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली कितीतरी गावे भुईसपाट झाली, हजारो माणसे गेली. सास्तूरला आज स्पर्श रुग्णालय आहे, भूकंपानंतरच्या कामातून उभे राहिलेले, आसपासच्या बायकांच्या बाळंतपणाचा मोठा आधार. घरबांधणीच्या काळात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभे केले, त्याही मुळच्या इथल्याच.

नवी गावे सुरक्षित बांधली. दगड-मातीच्या भिंती आणि वरची जड माळवदे हीच माणसांच्या अंगावर पडली होती, म्हणून गल्ल्या रुंद, घरे सुटी, रांगेत, प्लॉटचा नंबर टाकलेली. इंजिनिअरच्या हिशेबाने बरोबरच. पण जुन्या गावात घराला घर चिकटलेले असे, या माळवदावरून त्या माळवदावर जाता येई, आणि आतून दिलेली हाक तीन घरांत ऐकू जाई. नवे गाव पसरले. त्या वेळी तिशी-पस्तिशीत असलेल्या बायका आता साठी-सत्तरीत आहेत. जुनी शेजारीण आता चार रांगा पलीकडे, मधे ऊन आणि मोकळा रस्ता. एका आजीला मी विचारले, "एकट्या राहता, भीती नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "भीती भूकंपाची गेली बाई. हाक मारली तर कुणाला ऐकू जात नाही, तेवढंच वाटतं."

हे ऐकल्यावर नळदुर्गच्या त्या अरुंद, गटार उघडे असलेल्या गल्लीची किंमत मला नव्याने कळली.

आपल्या समाजापुरते एक म्हणायचे आहे. रमजानमध्ये खालाच्या घरी एवढे किट येतात की खजूर वाटता वाटता तिची दमछाक होते. ईद झाली की अकरा महिने शांत. जकात आई-बापाला देता येत नाही, कारण त्यांचा सांभाळ हे आपल्यावर आधीच कर्ज आहे. पण खाला, फुफी, एकटी राहणारी गरजू शेजारीण यांना देता येते, आणि ती वर्षभर थोडी थोडी देता येते. मशिदीच्या कमिटीकडे मोहल्ल्यातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची एक साधी वही असावी: नाव, मुलाचा फोन, चालू असलेल्या गोळ्या, आणि घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते. यात मुसलमान-हिंदू करू नये, खालाचा गुरुवारचा डबा कुणाकडून येतो ते वर सांगितलेच आहे. नळदुर्गला दोघा-तिघा तरुणांनी ही वही सुरू करायचे कबूल केले. पहिल्या जुम्याला अकरा नावे निघाली. त्यांतली चार आमच्याच गल्लीतली, आणि त्यांतल्या एकीच्या घराची दुसरी किल्लीच नव्हती.

खालाच्या मुलांशी बोलणे अजून चालू आहे. धाकटा तयार आहे, थोरला नाही. त्याने एकच अट घातली आहे: तिने रोज फजरनंतर फोन करायचा. खालाला फोन लावता येत नाही, उचलता येतो. म्हणून तिने उलटी अट घातली की फोन त्यानेच करावा, आणि तोही ती चुलीपाशी असताना नव्हे.

सास्तूरकडच्या त्या गावात परत निघताना पाहिले, दोन रांगांच्या मधोमध, लिंबाच्या झाडाखाली कुणीतरी सिमेंटचा एक तुटका खांब आडवा टाकून ठेवला आहे. संध्याकाळी इकडच्या आणि तिकडच्या म्हाताऱ्या निम्मे निम्मे अंतर चालून येतात आणि त्यावर बसतात. मी गेले तेव्हा पाच जणी होत्या, सहावी यायची होती, आणि एक नात तिला बघायला धावत निघाली होती.