कारण : ताप

बरेच दिवस हे लिहीन लिहीन म्हणतोय, पण दर शनिवारी लॅपटॉप उघडला की दुसरंच काहीतरी खरडून मोकळा होतो. आज मात्र ठरवून बसलोय. विषय जड आहे, आधीच सांगून ठेवतो. वीकेंडचा मूड घालवायचा नसेल तर सोमवारी वाचा.

आमच्या टीममध्ये एक जण आहे. त्याला आपण 'स' म्हणू. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, पण आमच्याकडे सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. मी जॉइन झालो तेव्हा प्रोजेक्टची बाराखडी त्यानेच गिरवून घेतली. त्याची मुलगी साडेचार वर्षांची होती. फॅमिली डेला यायची, माझ्या खुर्चीत बसून गरगर फिरायची आणि "काका, अजून जोरात" म्हणायची. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये तिला डेंग्यू झाला. आठवडाभर हॉस्पिटल, त्यातले चार दिवस आयसीयू. आणि मग ती गेली.

याहून जास्त मला लिहिता येणार नाही, आणि तो माझा अधिकारही नाही. मला लिहायचंय ते 'स'च्या रजेबद्दल.

वर्ष संपत आलेलं, त्यामुळे साठलेल्या रजा तशाही थोड्याच. ज्या होत्या त्या हॉस्पिटलच्या आठवड्यात संपल्या. त्यानंतर लीव्ह पोर्टलवर जो पर्याय उरतो त्याचं नाव बिरीव्हमेंट लीव्ह. ती तीन दिवसांची. सासरे गेले तरी तीन, पोटची मुलगी गेली तरी तीन. आमचा मॅनेजर खरंच भला माणूस. तो म्हणाला, "लागतील तेवढे दिवस घे, मी बघतो." पण त्याने बघून काय होणार? तीन दिवसांनंतर सिस्टीममध्ये एकच रकाना उघडतो, बिनपगारी रजा. त्यात कारण लिहायचं, मग ते मंजुरीला जातं. चौथ्या दिवशी 'स'ला एक मेल आला, घेतलेल्या रजेचा पुरावा सात दिवसांत अपलोड करा. तो मेल कुणी माणसाने लिहिला नव्हता, आपोआप गेला होता. आम्हीच असले मेल पाठवणारे प्रोग्रॅम लिहितो की दिवसभर.

पण मी कुठल्या तोंडाने सिस्टीमला नावं ठेवू? पाचव्या दिवशी मी त्याला फोन केला होता. रात्रीचा एक जॉब फेल झाला होता, त्याची जुनी स्क्रिप्ट होती आणि ती कुणालाच कळत नव्हती. सकाळी क्लायंटचा कॉल. मी फोन लावला. त्याने उचलला. मागे भांड्यांचे आवाज येत होते, कुणीतरी वहिनींना "थोडं तरी खा" म्हणत होतं. त्याने शांतपणे सांगितलं, अमुक फोल्डरमध्ये जा, तमुक फाइलमध्ये तारखेचा फॉरमॅट बदल. दोन मिनिटांत काम झालं. शेवटी मी त्याला म्हणालो, "थँक्स यार, टेक केअर."

टेक केअर! ते शब्द आठवले की अजून कसंतरी होतं.

सहाव्या दिवशी तो ऑफिसला आला. सगळे एकदम हळू बोलायला लागले. त्याने काम केलं, चांगलं केलं. आम्हाला वाटलं, सावरला. माणूस कामात असला की बरं, असं आम्हीच एकमेकांना सांगत होतो.

मग जून आला. शाळा सुरू झाल्या त्या सोमवारी 'स' आला नाही. पोर्टलवर सिक लीव्ह, कारण : ताप. दुसऱ्या दिवशी चहाला खाली गेलो तेव्हा मी विचारलं, "आता कसा आहे ताप?" तो म्हणाला, "ताप नव्हता रे. सकाळी सोसायटीत बस आली. सगळी पोरं नवी दप्तरं घेऊन उभी. ती या वर्षी सिनियर केजीत गेली असती. मला गाडी पार्किंगमधून काढताच येईना. वर जाऊन बसलो. पोर्टलवर दुसरं काय लिहिणार?"

त्यावर मी काय बोलणार. चहा संपवला आणि वर आलो.

पण डोक्यात किडा शिरला. आमचं काम ब्रिटनमधल्या एका क्लायंटचं. त्यांच्या सुट्ट्यांवर आमचे रिलीज ठरतात. म्हटलं, याच प्रोजेक्टवर, याच तिकिटांवर पलीकडे बसलेल्या एखाद्या बापावर ही वेळ आली असती, तर त्याला काय मिळालं असतं? शोधलं. तिथे त्यासाठी चक्क वेगळा कायदा आहे, 'जॅक्स लॉ' म्हणून ओळखला जातो. २०१० मध्ये ल्यूसी हर्ड नावाच्या बाईंचा २३ महिन्यांचा मुलगा जॅक तळ्यात बुडून गेला. त्याच्या वडिलांना कामावरून तीन दिवस मिळाले, त्यातला एक अंत्यविधीचा. (तीन! हा आकडा सगळ्या एचआरवाल्यांना कोण शिकवतं देव जाणे.) बाईंनी त्यानंतर वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१८ मध्ये संसदेने कायदा केला आणि ६ एप्रिल २०२० पासून तो लागू झाला.

या कायद्यातलं मला सगळ्यात आवडलं ते त्याचं डिझाइन. १८ वर्षांखालचं मूल गेलं, किंवा २४ आठवड्यांनंतर बाळ मृत जन्मलं, तर आई आणि वडील दोघांनाही प्रत्येकी दोन आठवडे रजा. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हा हक्क आहे. पगारासाठी मात्र २६ आठवड्यांच्या नोकरीची अट आहे आणि रक्कमही सरकारी दराने, म्हणजे बेताचीच. रजा कळवायला फॉर्म लागत नाही, फोन किंवा मेसेज केला तरी चालतो. मृत्यूचा पुरावा द्यावा लागत नाही. आणि खरी गोष्ट पुढे आहे. हे दोन आठवडे सलग घ्या किंवा एक-एक करून वेगळे घ्या, मूल गेल्यापासून ५६ आठवड्यांच्या आत कधीही. ५६ का? वर्ष असतं ५२ आठवड्यांचं. म्हणजे पहिला वाढदिवस, शाळेचा पहिला दिवस, पहिलं वर्षश्राद्ध, सगळं त्यात बसतं. दुःख सलग तीन दिवस येऊन जात नाही, ते जूनमधल्या एखाद्या सोमवारी पार्किंगमध्ये गाठतं, हे ज्यांनी हा नियम लिहिला त्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही बरं का. गर्भपात झाला तर आईला सहा आठवडे पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२२ ला आदेश काढून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना बाळ मृत जन्मलं किंवा २८ दिवसांच्या आत दगावलं तर ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा दिली. आईला बसणाऱ्या मानसिक धक्क्याचा त्या आदेशात स्पष्ट उल्लेख आहे. चांगलंच झालं. पण यात बाप कुठेच नाही. आणि मूल साडेचार वर्षांचं असेल तर आईही नाही. आम्हा खाजगीवाल्यांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा काय देतो? वर्षाला ८ किरकोळ रजा, आणि २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा. लग्नाला जा, गावाला जा, नाहीतर मुलीला पोचवून या, सगळं एकाच खात्यातून.

गंमत म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या काळात ही सोय होती. सुतक पाळायचे. दहा दिवस घरात चूल पेटायची नाही, शेजारून डबे यायचे, कुणी कामाचं विचारायचं नाही. त्यातले विटाळ-बिटाळ मला पटत नाहीत, पण 'या माणसाला सध्या काही मागू नका' हे अख्ख्या आळीला न सांगता कळायचं. अर्थात लहान मुलाचं सुतक शास्त्रातही कमीच. मूल जितकं लहान तितके दिवस कमी. म्हणजे मुलाचं दुःख वयाच्या मापाने मोजायची खोड जुनीच आहे.

ऑफिसात हा विषय काढला तर दोन गोष्टी ऐकू येतात. एक, लोक गैरफायदा घेतील. अरे, आपलं मूल गेलं असं खोटं सांगणारे कितीजण भेटलेत तुम्हाला? दुसरी, घरी बसून माणूस जास्तच खचतो. असेलही. 'स' स्वतः म्हणतो की पहिले काही महिने कोडनेच तारलं. पण सहाव्या दिवशी तो यायचं म्हणून आला की पगार कापला जाईल म्हणून आला, हे मी त्याला कधी विचारलेलं नाही. हक्काची रजा असती तर हा प्रश्नच पडला नसता. तरीही तो आला असता तर तो त्याचा निर्णय असता.

मागच्या पॉलिसी सर्व्हेमध्ये मी सगळं लिहून पाठवलं. दोन आठवडे, आई-बाप दोघांना, तोडून घेता येतील असे, वर्षभरात कधीही, पुराव्याशिवाय. उत्तर आलं, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." तेही बहुतेक आपोआप गेलेलं.

असो. तोवर मी एवढंच करू शकलोय की टीमच्या कॅलेंडरवर ऑक्टोबरमधली एक तारीख आणि जूनमधला शाळेचा पहिला दिवस, दोन्ही दिवशी ऑन-कॉल माझं नाव टाकलंय. मागच्या वर्षी 'स'ने ते पाहिलं, काही बोलला नाही. त्या दिवशी तो आला नाही आणि पोर्टलवर तापही लिहिला नाही. मॅनेजरने गुपचूप हजेरी लावली.

पण मी उद्या कंपनी बदलली तर? आमचा मॅनेजर बदलला तर? त्या तारखा माझ्या लक्षात आहेत म्हणून तो माणूस दोन दिवस घरी बसू शकतो, याला काही रजा म्हणत नाहीत.