पाणी घालू नकोस

देवणी, 10 जून

चि. छकुली,

"मावशी, एवढं पाणी घालूनही मरायलंय, आता फेकूनच देते," असं काल फोनवर म्हणालीस आणि ठेवूनही दिलास. फार लागलं मनाला. फेकू नकोस बाई. आणि आज पाणीही घालू नकोस.

तुझा राग जिरॅनियमवर, माझा तुझ्या हातातल्या तांब्यावर. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तू आठवीत होतीस ना? भांडी विसळलेलं पाणी तुमच्याकडं कुंड्यांना जायचं, तेही मोजून. त्या उन्हाळ्यातल्या लेकरांच्या मनात पक्कं बसलंय, झाडाला पाणी दिलं म्हणजे माया केली. कळतं गं मला ते. पण हे मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, निचऱ्याच्या जागेतलं झाड. त्याचं जाड खोड ओल धरून ठेवतं. कोरड पडली तर ते दम काढतं, मुळाशी चिखल झाला की कुजतं.

तू पाठवलेला झाडाचा फोटो मोठा करून पाहिला. पानांच्या पाठीवर खरखरीत तपकिरी फोड आलेत. मुळं ओढतात तेवढं पाणी पानांना बाहेर टाकता आलं नाही की असं होतं. त्यात तू रानातली काळी माती भरलीस, तीही दहा इंची कुंडीत! ही ठेंगणी जात, पाला आठ इंचांच्या वर जात नाही. पाच इंची मातीची कुंडी तिला भरपूर. काळी माती सोयाबीन-तुरीला लाखमोलाची. कुंडीत ती ओली झाली की फुगते, वाळली की आवळते, मुळांना हवाच मिळत नाही. तुझे काका म्हणतात, आपल्या मातीला नावं ठेवू नको. नावं कुठं ठेवते? कुंडीत नको एवढंच म्हणते, आणि मरेपर्यंत म्हणणार.

आता बुंधा दाबून बघ. टणक असेल तर माती बदल: पोयटा, भरड वाळू आणि जुनं, पुरतं कुजलेलं शेणखत सारखं घे. ताजं शेण नको, नुसता पाला माजतो. बुंधा काळा, मऊ लागला तर तो गेला समज. वरचे हिरवे शेंडे तीन-तीन इंच काप, खालची पानं काढ, रात्रभर सावलीत पडू दे. काप सुकला की ओलसर वाळूत खोच. वर पिशवी झाकू नको. खरं तर हे दिवाळीच्या सुमाराचं काम, पण आता थांबता येत नाही.

मृग लागलाय, मला घोर त्याचाच. तुमच्या ग्रिलमध्ये सगळी झड आत येते. कुंडी आजच आत घे, पूर्वेच्या खिडकीत ठेव. सकाळचं ऊन पुरे. बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी, नंतर ताटलीतलं ओतून टाक. आणि तुझ्या मांजराला त्या पानांपासून लांब ठेव, खाल्ली तर ओकाऱ्या होतात. पाच इंची कुंडी तिकडं नाही मिळाली तर कळव, इथल्या बाजारातून घेऊन ठेवते.

तुझी,
मावशी