काकूंची पट्टी

गणपतीच्या दहा दिवसांत आमच्या उज्जैनच्या फ्रीगंजातल्या मराठी मंडळींची एक संध्याकाळ अभंगांची असते. पेटी, तबला, टाळ आणि गेली पंधरा-सोळा वर्षं कोपऱ्यात मी, गिटार घेऊन. पहिल्या वर्षी गाणाऱ्या काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या होत्या, "काळी पाच. जमेल ना रे?" पेटीवाल्या काकांचं बोट तोवर पट्टीवर पोचलंही होतं. मी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावला, बोटं जी मेजरच्या ओळखीच्या आकारात ठेवली आणि मान डोलावली.

काळी पाच म्हणजे ए शार्प. ज्यात गिटारच्या मोकळ्या तारा आपसूक बोलतात अशी ही पट्टी नाही. पहिल्या बोटाने सहाही तारा आडव्या दाबून बार कॉर्डवर पूर्ण अभंग वाजवता येतो, पण आवाज कोरडा होतो. मोकळ्या तारेची जी आस मागे रेंगाळते, तिच्यावरच तर गाणारा आपला सूर टेकवतो. आमच्याकडचे काही शिक्षक कॅपोला कुबडी म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याच्या हातात सगळे बार कॉर्ड आहेत, त्यालाही मोकळ्या तारेचा नाद नुसत्या बोटांनी आणता येत नाही.

तारा खुंट्यांनीच वर चढवल्या तर काय बिघडतं, असं विद्यार्थी विचारतात, आणि माळव्यात तो प्रश्न अगदी रास्त आहे. इथे कबीराची भजनं गाणारे तंबुरा आपल्या गळ्याला जुळवून घेतात. आमच्याच जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया यांच्या हातातला तंबुरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रीत सांगावी लागत नाही. मात्र त्या तारांना एकच काम असतं, सूर धरून ठेवणं. गिटारची तार ठरलेल्या ताणासाठी ओढलेली असते, आणि ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीन अर्धस्वर वर चढवले तर प्रत्येक तारेवरचा ताण सुमारे 41 टक्क्यांनी वाढेल. पातळ तार तुटू शकते, आणि ती टिकली तर मान वाकू शकते. कॅपो ताण न वाढवता तारेची लांबी कमी करतो. 650 मिलिमीटरची तार तिसऱ्या फ्रेटपासून मोजली की 547 उरते. त्यासाठी एक पट्टी आडवी बसवायची, एवढंच. गायकाची पट्टी आणि ही आडवी पट्टी, दोन्हींना मराठीत एकच शब्द आहे याचं मला आजही बरं वाटतं.

पण ती बसली पाहिजे, आणि सगळं इथेच अडतं. माझा पहिला कॅपो इंदूरहून आणलेला होता, स्प्रिंगचा, चिमट्यासारखा. दुकानात मी तो दाबून पाहिला, स्प्रिंग कडक वाटली म्हणून घेतला. घरी माझ्या पोलादी तारांच्या गिटारवर तो छान बसला. काही महिन्यांनी एक मुलगी नायलॉन तारांची क्लासिकल गिटार घेऊन शिकायला आली. तिला मी तोच लावून दिला, तर मधल्या दोन तारा भणभणू लागल्या. तिला वाटलं, तिच्या बोटांचं चुकतंय. आठवडाभर ती बोटं दुखेपर्यंत दाबत राहिली. चूक तिची नव्हती, वस्तू मी चुकीची दिली होती. तेव्हापासून मी आधी मान पाहतो, कॅपोचं नंतर.

पाहायची रीत सोपी आहे. शाळेतली स्टीलची मोजपट्टी फ्रेटवर आडवी, उभ्या कडेवर धरायची. मध्ये टेकून दोन्ही टोकांना उजेड दिसला तर मान गोलाईची आहे, सगळीकडे टेकली तर सपाट. बहुतेक पोलादी तारांच्या अकूस्टिक गिटारींना 12 ते 16 इंच त्रिज्येची गोलाई असते, फेंडरच्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारींना तर 7.25 इंचांची, म्हणजे चांगलीच फुगीर. क्लासिकलची मान सहसा सपाट असते. गोलाईचा कॅपो सपाट मानेवर ठेवला की त्याची टोकं आधी टेकतात आणि मधल्या तारा नीट दाबल्या जात नाहीत. सपाट कॅपो गोल मानेवर गेला की उलटं होतं, मध्य दाबला जातो आणि पहिली नि सहावी तार कुरकुरते. विद्यार्थ्याने भणभण कुठल्या तारेवर आहे एवढं सांगितलं, तरी कॅपोचं काय चुकलंय ते बहुधा कळतं.

मग रुंदी. पोलादी तारांच्या गिटारची मान नटपाशी 43-44 मिलिमीटर, क्लासिकलची 52 च्या आसपास, आणि ती पुढे पसरत जाते. पाचव्या फ्रेटला साधारण 57 होते. तिथे आखूड दांडीचा कॅपो सहाव्या तारेपर्यंत पोचतच नाही. मानेची जाडीही तशीच वाढते, म्हणून दुसऱ्या फ्रेटवर नीट धरणारा चिमटा सातव्यावर जास्त उघडतो आणि जास्त जोर लावतो. स्प्रिंगला आपला जोर आवरता येत नाही. स्क्रूचा किंवा तरफेच्या दांडीचा कॅपो, जसा शब कंपनीचा असतो, तो आपण बेतू तेवढाच दाबतो. बसवायला थोडा वेळ लागतो, पण नायलॉन तारांसाठी मी तोच सांगतो. पोलादी तारांचा एकूण ताण नायलॉनच्या जवळपास दुप्पट असतो. त्या ताणासाठी केलेली स्प्रिंग नायलॉनवर लावली की तार फ्रेटमागे खाली ओढली जाते आणि स्वर चढतो. विशेषतः जाड तिसरी तार लगेच चढेल. फ्लामेंको वाजवणारे लाकडाचा, खुंटी पिळून आवळायचा कॅपो वापरतात. त्याला ते सेहिया म्हणतात. हात तिथेही आवश्यक तेवढाच पीळ देतो.

इलेक्ट्रिकचं दुखणं याच जातीचं, तारा आणखी पातळ. बारा तारांच्या गिटारला मात्र खरोखर जोर लागतो, आणि एक निराळी अडचण असते. खालच्या चार जोड्यांत जाड तारेशेजारी एका सप्तकाने वरची पातळ तार असते. रबर कडक असेल तर जाड तारच दाबली जाते आणि पातळ मोकळी राहते. तिथे रबर मऊ आणि जाड हवं. मांडीवर आडवी ठेवून लोखंडी पट्टीने वाजवायची हवाईयन गिटार कोणी घेऊन आला तर मी कॅपो विकत घेऊ देत नाही. तिच्या तारा मानेपासून खूप उंच असतात. ब्रिजभूषण काबरांनी आणि विश्वमोहन भट्टांनी जे वाद्य रागसंगीतात नेलं, त्याचा सूर तारेवरून सरकणाऱ्या दांडीने धरायचा असतो.

रबराची काळजी माळव्यात वेगळी घ्यावी लागते. मे महिन्यात उज्जैनचा पारा 42-43 च्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीत गिटारला लावूनच विसरलेल्या कॅपोच्या रबरावर तारांचे चर पडतात, मग प्रत्येक तार आपल्याच चरात बसते, हवी तिथे नाही. मी रबर बदलतो, कॅपो टाकत नाही.

आणि लावायची जागा. फ्रेटला जवळजवळ टेकून, तारांना काटकोनात. मधोमध लावला की जोर जास्त लागतो. आधी कॅपो, मग तारा सुरात जुळवायच्या. तरी एक गोष्ट राहते. गिटारवरचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो, आणि तानपुरा चालू असला की ते कानाला कळतं. म्हणून काकूंच्या अभंगात मी आलापाच्या वेळी पूर्ण कॉर्ड धरत नाही, षड्ज आणि पंचम मोकळे सोडतो. गंधार त्यांचा त्या लावतात. त्यासाठी हाताजवळ मोकळ्या तारा लागतात, आणि त्या कॅपो मिळवून देतो.

काकू आता सत्तरीच्या पुढे आहेत. काही वर्षांनी त्या म्हणाल्या, "आज पांढरी सहा धर." कॅपो तिसऱ्या फ्रेटवरून दुसऱ्यावर आला, बोटं जीच्याच आकारात राहिली. पुढे काळी चार, म्हणजे पहिला फ्रेट. करोनानंतरच्या पहिल्या गणपतीत त्यांनी पेटीवर दोन-तीनदा सा लावून पाहिला आणि पांढरी पाच सांगितली. तो जी, मोकळा. कॅपो पेटाऱ्यातच राहिला. माझ्या फ्रेटांखाली तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या जागेवर तारांनी घासलेल्या रेघा आहेत. त्या दिवशी त्या रेघांकडे पाहून मला वाजवणं जड गेलं.

यंदा त्यांनी काळी तीन मागितली. जीच्या खाली. पेटीवाले काका थांबून माझ्याकडे बघत होते. मी जीचा आकार सोडला, ईचा धरला, आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला. खालच्या तारेचा षड्ज आता पूर्वीपेक्षा खोल आणि भरदार येत होता. काकूंनी डोळे मिटून तो ऐकला. "हं, हाच," म्हणाल्या, आणि टाळकऱ्यांना खूण केली.