बंदूक ठेवा, फिरायला चला!

फर्स्ट पर्सन शूटर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? स्क्रीनच्या तळाशी एक बंदूक, कानावर हेडफोन आणि पलीकडून आपल्या अख्ख्या खानदानाचा उद्धार करणारा कुणीतरी शाळकरी पोरगा. बरोबर ना? आता माझ्यासारखी, शुक्रवारी रात्री ऑफिसचे मेल संपल्यावर तासभर खेळणारी मंडळी अशा गेममध्ये स्कोअरबोर्डच्या तळाशीच असतात. तरी आम्ही परत परत जातो. कशासाठी? जागेसाठी, बॉस! गोळ्या कुणी किती मारल्या ते सोमवारपर्यंत विसरायला होतं. लक्षात राहतात ते जिने, बोळ, बोगदे. सुट्टी शिल्लक नसलेल्यांचं हे टुरिझमच म्हणा ना.

सुरुवात अर्थातच ‘काउंटर स्ट्राइक’मधल्या ‘डस्ट टू’पासून. वाळूच्या रंगाच्या भिंती, लाकडी खोकी, कमानी, वर निळंभोर आकाश. २००० च्या दशकात पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेत ज्यांनी तासावर पैसे मोजून कॉलेज बुडवलं, त्यांना लक्ष्मी रोडपेक्षा हा मॅप जास्त पाठ आहे. ‘लाँगला ये रे’, ‘टनेलमध्ये दोघं आहेत’, ‘मिडला डोकावू नकोस’... इतके पक्के पत्ते तर कुरिअरवाल्यालाही आपण देत नाही.

मॅप २००१ मध्ये आला, डेव्ह जॉन्स्टन नावाच्या ब्रिटिश मुलानं बनवलेला. गंमत म्हणजे त्याच्या आधीचा ‘डस्ट’ त्यानं कुठलंही खरं गाव बघून काढला नव्हता. तेव्हा बाजारात न आलेल्या ‘टीम फोर्ट्रेस टू’ या दुसऱ्याच गेमचे फोटो बघून त्याला तो सुचला. म्हणजे वाळवंटातलं हे जगप्रसिद्ध गाव एका गेमच्या चित्रावरून उठलं! पण डोकं बघा. दोन बाजूंनी दोन टीम पळत सुटल्या की मधल्या दारांपाशी साधारण एकाच वेळी पोचतात. सगळी मजा त्या दोन-तीन सेकंदांत आहे. मैलोन्‌मैल माळरान देणारे आजचे मोठे मॅप मला म्हणूनच कंटाळवाणे वाटतात. पंधरा मिनिटं पळा आणि कुठूनतरी आलेल्या गोळीनं मरा! रविवारी एवढा वेळ आहे कुणाकडे?

‘डस्ट टू’ एकदा एकट्यानं फिरून बघा. ऑफलाइन गेम लावायचा, बॉट काढून टाकायचे आणि चालायला लागायचं. पहिली पाच मिनिटं मस्त वाटतं. मग कळतं, इथे कुणी राहातच नाही. दुकान चालू नाही, दोरीवर कपडे वाळत नाहीत, एखादं पोर नाही. कोपरा म्हणजे लपायची जागा, खिडकी म्हणजे नेम धरायची जागा, बस्स. कुणाच्या तरी घरासारखी दिसणारी गल्ली आपण वर्षानुवर्षं फक्त अशीच बघत आलो.

खोटं गाव असेल तर ठीक आहे. खऱ्या शहराचं नाव लावलं की मात्र खटकायला लागतं. २००९ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर टू’मध्ये कराची नावाचा मॅप होता. कराचीत पाट्या उर्दूत असतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असेल. गेममध्ये मात्र पाट्या अरबीत! कोट्यवधींचं बजेट आणि एका पाटीसाठी कुणाला फोन करून विचारावंसं वाटलं नाही. पाकिस्तानी गेमर्स वैतागले, आणि मला तरी ते पटलं. उद्या दादरवर मॅप निघाला आणि कबुतरखान्यासमोर तामिळ पाट्या दिसल्या तर आपण गप्प बसू?

आपल्या वाट्याला जरा बरं आलंय म्हणायचं. ‘व्हॅलोरंट’मध्ये जानेवारी २०२३ ला ‘लोटस’ नावाचा मॅप आला, तो चक्क पश्चिम घाटातला! जंगलातलं दगडी बांधकाम, कोरीवकाम, गोल फिरणारी दगडी दारं. दार ढकललं की एवढा घरघराट होतो की सगळ्या मॅपला तुमचा पत्ता कळतो. दिसायला देखणं, वादच नाही. पण आपल्या घाटाचा वास त्याला नाही. जळवा नाहीत, शेवाळावरून घसरणं नाही, धुक्यात हरवलेला ग्रुप नाही, टपरीवरची भजी नाहीत. मॅपच्या एका कोपऱ्याचं नावच आहे ‘वॉटरफॉल’. जुलैत आपण ज्याच्याखाली भिजायला शंभर किलोमीटर गाडी हाणतो, ती गोष्ट इथे ‘वॉटरफॉलला दोघं, वॉटरफॉलला दोघं!’ एवढीच उरते.

आता प्रिप्याटला चला. हे खरं शहर, युक्रेनमधलं. चेर्नोबिलच्या अणुवीज प्रकल्पातल्या लोकांसाठी १९७० मध्ये वसवलेलं. २६ एप्रिल १९८६ ला स्फोट झाला, दुसऱ्या दिवशी बसगाड्या लागल्या आणि जवळपास ४९ हजार माणसं तिथून बाहेर काढली गेली. तिथला पिवळा आकाशपाळणा १ मेच्या सणाला सुरू व्हायचा होता.

२००७ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी फोर’नं हे शहर आपल्या पिढीच्या ओळखीचं केलं. अंगावर गवताचा झगा चढवून तुम्ही सिनियरच्या मागे सरपटताय, सैनिकांची रांग अगदी हाताच्या अंतरावरून निघून जातेय, आणि तुम्ही श्वास रोखून पडलाय. शूटर गेममधली माझी सगळ्यात आवडती ही मिशन, आणि तिच्यात बराच वेळ गोळी न झाडणंच शहाणपणाचं! पुढच्या मिशनमध्ये मात्र रिकामा स्विमिंग पूल ओलांडून त्याच पाळण्यापाशी धुमश्चक्री. पाळणा झाला सेट, संपलं.

त्याच वर्षी कीव्हच्या ‘जीएससी गेम वर्ल्ड’ कंपनीनं ‘स्टॉकर’ काढला. यांच्यासाठी चेर्नोबिल घरचंच. प्रत्यक्ष तिथे जाऊन काढलेल्या फोटोंवरून त्यांनी गेममधल्या जागा उभ्या केल्या. खेळायला किचकट, बग्ज भरपूर, नवख्याला पहिल्या तासात दहादा मारणारा. पण संध्याकाळी शेकोटीपाशी जाऊन बसलात तर कुणी गिटार वाजवतंय, कुणी जोक सांगतंय. उजाड मुलखात माणसं आहेत! आणि हातात बंदूक रोखून बोलायला गेलात तर समोरचा आधी ती खाली घ्यायला सांगतो.

प्रत्यक्षात प्रिप्याटला टूर जायच्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन फौजा चेर्नोबिलमध्ये शिरल्या आणि ते थांबलं. ‘स्टॉकर टू’ तेव्हा अर्धामुर्धा तयार होता. टीममधले बरेच जण प्रागला गेले, काही सैन्यात भरती झाले. गेम अखेर २० नोव्हेंबर २०२४ ला आला. दीडशेएक जीबीची जागा लागते, तेव्हा शुक्रवारी डाउनलोडला लावून झोपा आणि शनिवारी सकाळी आधी कुठलीतरी शेकोटी शोधा.