झडीच्या दिवशीचे घर

आषाढातल्या झडीच्या दिवशी कोकणातल्या घराचे सगळे काम पाण्याभोवती फिरते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा जुलैचा असतो. एकदा पाऊस लागला की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. घर सांभाळणाऱ्या बाईची कामे रोजचीच असतात, पण प्रत्येक कामात ओल शिरते. ही ओल माणसांच्या अंगापासून, अन्नापासून आणि कपड्यांपासून लांब ठेवणे हेच त्या दिवसाचे मुख्य काम.

दिवस सुरू होतो तो कानोसा घेऊन. कौलांवरचा आवाज, पागोळ्यांची धार, रात्रीत नवी गळती लागली का, यावर पुढचे बेत ठरतात. टपकत्या जागी टोप लावायचा, पडवीत आलेले पाणी निपटायचे, दारात कोरडे गोणपाट टाकायचे. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला तर हवामान खाते त्याला अत्यंत मुसळधार म्हणते. तसा अंदाज असला की शाळांना सुट्टी जाहीर होते आणि मुलांचा सबंध दिवस घरात येतो. त्यांचे खाणे, खेळ, भांडणे आणि अभ्यास मग सकाळच्या कामांच्या मधूनच सांभाळावे लागतात.

कपड्यांचे काम सर्वांत चिवट. हवा बाष्पाने भरलेली असल्यामुळे कापडातले पाणी उडत नाही. दांडीवरचा गणवेश दोन दिवसांनीही दमटच राहतो आणि त्याला कुबट वास सुटतो. ओल्या धाग्यांत जिवाणू वाढल्याचा तो वास. कपडे घट्ट पिळायचे, झटकायचे, एकमेकांना चिकटणार नाहीत असे पसरायचे, वर पंखा लावायचा आणि जाड शिवणी, खिसे शेवटी इस्त्रीने सुकवायचे, हा त्यावरचा नेहमीचा उपाय. कपडा वाळला की नुसता गार पडला, हे बोटांना नीट उमगत नाही. म्हणून ती तो गालाला लावते. गणवेशाची कॉलर गालाशी धरून क्षणभर थांबते, मग बगल, मग कमरेची पट्टी. जरा शंका आली की कपडा पुन्हा दांडीवर जातो. मोठ्यांचे एकवेळ चालून जाते, पण तान्ह्याची लंगोटी आणि म्हाताऱ्या सासूबाईंचे पातळ खडखडीत वाळल्याशिवाय अंगाला लागू द्यायचे नाही, हा तिचा नेम असतो.

स्वयंपाकघराची तयारी मे महिन्यातच झालेली असते. आमसुले, फणसाच्या आठळ्या, पापड, सांडगे, लोणची, सुके बोंबील अशी अगोटीची बेगमी डब्यांत, बरण्यांत भरलेली असते. आता ती टिकवायची. झाकण सैल राहिले की पापड सादळतात. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून पाझरू लागते. रवा भाजून ठेवायचा, डाळी-तांदूळ चाळायचे, लोणच्यात ओला चमचा जाऊ द्यायचा नाही, काडेपेटी चुलीजवळ कोरडी ठेवायची. बाजार गाठता आला नाही तरी परसात टाकळा उगवलेला असतो. त्याची कोवळी पाने खुडून आठळ्या घालून भाजी होते. सोबत कुळथाची पिठी आणि गरम भात असला की दुपारचे जेवण भागते.

लावणीला गेलेली माणसे संध्याकाळी चिखलातून परततात. त्यांना न्हाणीत कढत पाणी तयार लागते. दिवसभर पाण्यात भिजून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पाय धुऊन बेचके फडक्याने टिपून कोरडे केले, तर त्या वाढत नाहीत. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच चिरांतून शरीरात शिरतात, त्यामुळे कुणाला अंगदुखीसह ताप आला तर ती घरगुती काढ्यावर न थांबता दवाखान्याची वाट धरायला लावते. पिण्याचे पाणी उकळून गाळले जाते. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला सुमारे आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून घासून कोरडे करायचे असते. रात्री सासूबाईंच्या गुडघ्यांना कोमट तेल लागते. मुलांना कोरड्या पांघरुणात झोपवले की कामे उरकतात.

२०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. मिनिटे अशी मोजता येतात, पण टळलेले नुकसान कुठेच नोंदले जात नाही. रव्यात पोरकिडे झाले नाहीत, मूल ओल्या बनियनने आजारी पडले नाही, पिंपात डास झाले नाहीत, याची कुणी दखल घेत नाही, कारण घडलेले काहीच दिसत नाही. घर निरोगी राहते ते याच कामामुळे, आणि त्याची किंमत ओळखायची तर टळलेल्या गोष्टींचाही हिशेब धरायला हवा. पिंप घासणे, पाणी उकळणे, कपडे उलटेपालटे करणे घरातल्या कुणालाही जमते. ती कामे सगळ्यांनी वाटून घेतली तर पावसाळा त्या बाईलाही सुखाचा जाईल.