डिसमिस

सरकारी नोकरीत ‘डिसमिस’ हा शब्द नुसता उच्चारला तरी कचेरीत शांतता पसरे. बडतर्फीचे प्रकरण टेबलावर आले की मी ते दोनदा वाचून मगच पुढे पाठवीत असे. बडोद्यातल्या आमच्या घरात मात्र हाच शब्द कुणीही केव्हाही हाक मारून मागे. कारण गुजरातेत स्क्रू ड्रायव्हरला डिसमिस म्हणतात, आणि पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींच्या जिभेवरही तोच शब्द बसला आहे.

58व्या वर्षी निवृत्त झालो आणि अण्णांचा पत्र्याचा डबा माझ्या ताब्यात आला. त्यात लाकडी मुठींचे तीन चपटे डिसमिस होते. अण्णांच्या काळी घरातले स्क्रू एका सरळ खाचेचे. पाते खाचेइतके रुंद हवे आणि जाडीलाही तिच्यात घट्ट बसायला हवे, यावर त्यांचा कटाक्ष. न बसले तर कानस घेऊन बसत. दाराच्या बिजागरीला पितळी स्क्रू लावताना आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून आटे पाडून घेत, तो काढून मग साबण लावलेला पितळी बसवीत. पितळ मऊ, सागवानात एकदा मान तुटली की उरलेला तुकडा काढता काढता नाकी नऊ येतात. मला तेव्हा हा सारा रिकामटेकडेपणा वाटे.

2022च्या पावसाळ्यात सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. न्हाणीघरात धरायला भिंतीवर दांडी हवी होती. मिस्त्री दोन दिवस आला नाही, तेव्हा मीच ड्रिल घेतले. दांडीबरोबर आलेले स्क्रू फुलीच्या माथ्याचे होते. ही फुली हेन्री फिलिप्स या अमेरिकन गृहस्थाच्या नावाने ओळखली जाते. त्याला 1936 साली पेटंटे मिळाली आणि लवकरच मोटारींच्या कारखान्यांनी ती उचलली. टोक आपोआप मध्यावर बसते, हा तिचा गुण. पण खाचेच्या कडा उतरत्या असल्यामुळे जोर वाढला की तेच टोक वर सरकून बाहेर पडते. म्हणून फुलीलाही नंबर असतात आणि ते पाळावे लागतात. माझ्याकडे दोन नंबरचा डिसमिस होता. तो खाचेत जात होता, थोडा हलत होता, एवढेच. शेवटचे दोन फेरे उरले असताना तो घसरू लागला. मी आणखी जोर केला, तशी फुलीची वाटी झाली. दांडी हाताने हलवून पाहिली. “बसली,” असे मी सौ.ला सांगितले.

तिसऱ्या दिवशी स्टुलावरून उठताना तिने दांडीवर भार दिला आणि वरची बैठक प्लगसकट भिंतीतून निघाली. दुसरा हात बेसिनवर होता म्हणून ती स्टुलावरच परत बसली. काही बोलली नाही. “अहो, जरा बाहेरची खुर्ची आणा,” एवढेच म्हणाली.

मिस्त्री आला. स्क्रूचा माथा बोटाने चाचपून म्हणाला, “साहेब, आमां तो त्रण नंबर जोईए.” खालच्या बैठकीचे स्क्रू तर निघेनात. त्याने माथ्यावर करवतीच्या पात्याने सरळ खाच पाडली आणि डब्यातला अण्णांचा सर्वांत रुंद डिसमिस उचलला. तो खाचेत असा बसला की जणू तिच्यासाठीच घासला होता. मग जाड प्लग, नवे स्क्रू, आणि त्याच्या पिशवीतला तीन नंबर. हलक्या हाताने त्याने ते शेवटपर्यंत नेले.

तीन नंबरचा डिसमिस आता माझ्याकडेही आहे. त्याच डब्यात ठेवला आहे. दांडी पक्की आहे. सौ. मात्र आत गेल्यावर अजूनही आधी ती दोनदा ओढून पाहते. तो आवाज मला दिवाणखान्यात ऐकू येतो.